वाक्याखालचा हिशोब

दरवर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गटात डायरीची बैठक बसते. सतरंजी अंथरायची, चहा सांगायचा आणि पुढच्या वर्षीच्या डायरीत कुठल्या महिन्याच्या पानावर कुणाचं वाक्य टाकायचं ते ठरवायचं. बारा महिने, बारा वाक्यं. जगण्याबद्दल, प्रेमाबद्दल, एखादं कलेबद्दल, स्वातंत्र्याबद्दल तर दोन-तीन. बहुतेक लेखिकांची, क्वचित लेखकांचीही. ही डायरी विकून आमच्या सल्ला केंद्राचं वीजबिल निघतं, त्यामुळे बैठक हसतखेळत झाली तरी काम गंभीर असतं. गेली पंचवीसेक वर्षं वाक्यं गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. त्यांची माझी एक जाड वही आहे. गटातल्या पोरी तिला ‘ताईंची लोणच्याची बरणी’ म्हणतात. हवी तेव्हा एक फोड काढायची.

मागच्या वर्षी ऑफिसच्या छताचं काम निघालं म्हणून आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात बसलो. बचतगटाच्या आठ-दहा जणी हिशोब संपवून तिथेच रेंगाळल्या होत्या, त्याही येऊन बसल्या. मी मार्च महिन्यासाठी व्हर्जिनिया वुल्फचं ते प्रसिद्ध वाक्य वाचलं, बाईला लिहायचं तर स्वतःची खोली पाहिजे या अर्थाचं. आमच्या डायरीत ते आजवर चारदा तरी येऊन गेलंय. वाचून झाल्यावर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “ही खोली भाड्याची होती का मालकीची?” सगळ्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. थोडं थांबून म्हणाल्या, “आणि त्या बाईच्या घरी भांडी कोण घासत होतं?”

मला दोन्ही उत्तरं देता आली नाहीत. पंचवीस वर्षं जे वाक्य मी वाटत आले, ते कुठून आलं हे मला नीट सांगता आलं नाही. म्हणून घरी जाऊन पुस्तक काढलं. आपल्यापैकी पुष्कळ जणींकडे ते असतं आणि पुष्कळ जणींनी ते पहिल्या पंचवीस पानांपलीकडे वाचलेलं नसतं. (मी स्वतः त्यांतली होते, आता कबूल करायला हरकत नाही.)

एक आधीच सांगते. या लेखात मी कुणाचंही वाक्य उतरवून देणार नाहीये. तुमच्या माझ्या वहीत ती भरपूर आहेत. एक लेख त्यांच्यावाचून लिहून बघावा म्हटलं.

तर वुल्फबाई. १९२८ च्या ऑक्टोबरात केंब्रिजमधल्या न्यूनहॅम आणि गर्टन या मुलींच्या दोन कॉलेजांत त्या बोलल्या आणि त्या भाषणांवरून १९२९ मध्ये पुस्तक झालं. त्यात खोलीबरोबर पैशांचीही अट आहे, वर्षाला पाचशे पौंड. आपण काय केलं? खोली ठेवली, पाचशे पौंड कापले. पैशाची गोष्ट पोस्टरवर बरी दिसत नाही ना! बाईंना मात्र ती अजिबात ओशाळवाणी वाटत नव्हती. पुस्तकातली निवेदिका सांगते की हे पाचशे पौंड तिला मेरी बेटन नावाच्या आपल्या मावशीच्या मृत्युपत्रातून मिळाले. मावशी की आत्या, ते इंग्रजीतून कळायला मार्ग नाही. आणि ही मावशी वारली कुठे? मुंबईत! हवा खायला घोड्यावरून निघाली आणि पडली. वकिलाचं पत्र निवेदिकेच्या पेटीत येऊन पडलं ते बायकांना मताचा हक्क देणारा कायदा झाला त्याच सुमाराला, म्हणजे १९१८ मध्ये. आणि ती साफ सांगून टाकते की मत आणि पैसा या दोहोंत तिला पैसा कितीतरी मोठा वाटला. त्याआधी ती पोटासाठी काय काय करत होती त्याची यादीही देते. वर्तमानपत्रांसाठी कुठल्या लग्नाचं, कुठल्या गाढवांच्या प्रदर्शनाचं वृत्त लिहायचं, पाकिटांवर पत्ते घालायचे, म्हाताऱ्या बायकांना वाचून दाखवायचं, कृत्रिम फुलं करायची, लहान मुलांना मुळाक्षरं शिकवायची. ही यादी आमच्या वस्तीत वाचली असती तर निम्म्या जणींनी मान हलवली असती. मी वाचत होते फक्त खोली.

ही मावशी काल्पनिक आहे. पण वुल्फबाईंना खरोखरच एका आत्याकडून पैसे मिळाले होते. कॅरोलाइन एमिलिया स्टीफन या १९०९ मध्ये वारल्या आणि भाचीला अडीच हजार पौंड ठेवून गेल्या. मग पुस्तकातल्या मावशीला मुंबईतच का पाडलं? ते बाईंनाच ठाऊक. पण मी ते पान वाचलं आणि थबकले. जिच्या घोड्याच्या टापा आपल्या मुंबईच्या रस्त्यावर वाजल्या, त्या मावशीची गाठ कुठली, ती या देशात कशी बांधली गेली, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही. त्याच मुंबईत जानेवारी १९१९ मध्ये लाखावर गिरणी कामगार संपावर गेले, युद्धकाळातली महागाई सोसेनाशी झाली म्हणून. त्यांत बाया होत्या. त्यांना कुणाचं मृत्युपत्र आलं नव्हतं. हा वुल्फबाईंवर आरोप नाही. त्यांनी निदान हिशोब मांडला, रक्कम लिहिली, ती कुणाकडून आली ते लिहिलं, मुंबईचं नाव घेतलं. तो खोडला आपण, डायरीच्या पानात मावत नाही म्हणून.

आता दुसरा प्रश्न, भांड्यांचा. त्याचंही उत्तर सापडलं. नेली बॉक्सल नावाच्या बाई वुल्फ यांच्याकडे १९१६ पासून १९३४ पर्यंत, अठरा वर्षं स्वयंपाकाला होत्या. दोघींची भांडणं, नोकरी सोडण्याच्या धमक्या, पुन्हा समेट, यांनी वुल्फबाईंच्या रोजनिशीची पानंच्या पानं भरली आहेत. ॲलिसन लाइट यांनी २००७ मध्ये वुल्फ आणि त्यांच्याकडच्या कामाच्या बायका यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे सारं आलंय. १९२९ च्या अखेरीला, म्हणजे खोलीचं पुस्तक नुकतंच दुकानात आलं असताना, एका भांडणात नेलीबाईंनी मालकिणीला सांगितलं, माझ्या खोलीतून बाहेर व्हा. आणि हा अपमान मालकिणीच्या मनात कितीतरी दिवस सलत राहिला.

हे मी पुढच्या बैठकीत जाऊन सांगितलं. धुणीभांडीवाल्या बाई खूश झाल्या. “आता या दुसऱ्या बाईचं टाका डायरीत,” म्हणाल्या. मी म्हटलं, तिचं लिहिलेलं काही हाताशी नाही. “मग नुसतं नाव टाका.”

या दोन प्रश्नांनी माझी बरणी उपडी झाली. एकेक फोड घेऊन बघायला लागले की हिचा हिशोब काय. वर्ष गेलं त्यात. जे सापडलं त्यातलं थोडं इथे मांडते, कारण माझ्यासारख्या ‘वाक्यवाल्या’ प्रत्येक गटात एक तरी असतेच.

एमा गोल्डमन या अमेरिकेतल्या अराजकवादी कार्यकर्तीच्या नावावर क्रांती आणि नाच यांना जोडणारं एक वाक्य जगभरच्या बायकांच्या मोर्चांतून फिरतं. आमच्या शिबिरांत ते १९९० च्या सुमारास आलं, कुणीतरी परदेशातून आणलेल्या बनियनवर छापलेलं. माझं फार लाडकं होतं. तर ते वाक्य गोल्डमनबाईंनी कधी त्या शब्दांत लिहिलंच नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अराजकवादी छपाईवाल्याला बनियनवर छापायला त्यांचं काहीतरी हवं होतं. लेखिका अलिक्स केट्स शुलमन यांनी त्याला गोल्डमन यांच्या १९३१ च्या आत्मचरित्रातला एक उतारा काढून दिला. उतारा छातीवर मावेना, म्हणून त्यानं त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत छापला. शुलमनबाईंनीच हे १९९१ मध्ये लिहून सांगितलं. तोवर वाक्य पृथ्वीप्रदक्षिणा करून आमच्या शिबिरात पोचलं होतं.

मला वाईट वाटलं ते खोटं निघालं म्हणून नव्हे. मूळ प्रसंग त्याहून कितीतरी चांगला होता म्हणून. कोट शिवणाऱ्या कामगारांच्या संपासाठी काम चाललं होतं, बायांना संपात आणायचं काम गोल्डमनकडे होतं आणि मधूनमधून नाचाचे कार्यक्रम होत. तिथे ती मनापासून नाचायची. एका संध्याकाळी चळवळीतल्याच एका सोबत्याचा चुलतभाऊ, मिसरूडही न फुटलेला पोरगा, तिला बाजूला घेऊन गंभीर चेहऱ्यानं सांगतो की चळवळीतल्या बाईनं असं बेभान नाचणं शोभत नाही, त्यानं ध्येयाला कमीपणा येतो. ती त्याला फटकारते, तुझं तू बघ म्हणून. हा पोरगा कुणाच्या ओळखीचा नाही, हात वर करा! आम्ही एकदा मोर्चाच्या आदल्या रात्री फुगड्या घालत होतो तेव्हा एका मित्रसंघटनेचा कार्यकर्ता येऊन असंच म्हणाला होता. वयानं माझ्याहून लहान. आम्ही तेव्हा गप्प बसलो, आणि वर दुसऱ्या दिवशी वाईट वाटून त्याला चहा पाजला. वाक्य भिंतीवर होतं, पण पोरगा वाक्यातून कापलेला होता. तो तिथे असता तर आम्हाला चहा पाजायची बुद्धी झाली नसती, असं मला वाटतं.

प्रेमाबद्दल वहीत सगळ्यात जास्त उतारे खलील जिब्रानचे आहेत. लग्नपत्रिकेवर छापायला लोक मागून नेतात. नवराबायकोनं जवळ असावं पण अंतरही राखावं, अशा अर्थाचा तो मजकूर १९२३ च्या त्याच्या पुस्तकातला. जिब्राननं स्वतः लग्न केलं नाही. पण बोस्टनमध्ये मुलींची शाळा चालवणाऱ्या मेरी हॅस्केल नावाच्या मुख्याध्यापिकेनं त्याला १९०८ मध्ये चित्रकला शिकायला पॅरिसला पाठवलं, महिन्याला ७५ डॉलर देऊन. पुढेही वर्षानुवर्षं पैसे दिले. अरबी ही त्याची मातृभाषा, तर त्याच्या इंग्रजी हस्तलिखितांवर हात फिरवून ती छापण्याजोगी केली ती तिनंच. पुस्तकावर नाव त्याचं. आता हे तिनं आनंदानं केलं, दोघांची पत्रं तशी साक्ष देतात, त्यामुळे तिची कीव करायचं कारण नाही. पण प्रेमातल्या अंतराबद्दलचं शहाणपण ज्या टेबलावर सुधारून घेतलं जात होतं, तिथे दिवसभर शाळा करून आलेली एक बाई स्वल्पविराम घालत बसली होती, एवढं तरी लग्नपत्रिकेवाल्यांना ठाऊक असावं.

रोझा लुक्झेंबर्ग यांच्याबद्दल थोडं जपून लिहिते, कारण इथे माझा स्वतःचा दोष आहे. स्वातंत्र्य म्हणजे आपल्याहून वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य, या अर्थाचं त्यांचं वचन आमच्या ऑफिसात वीस वर्षं टांगलेलं होतं. १९१८ मध्ये ब्रेस्लाऊच्या तुरुंगात रशियन क्रांतीबद्दल लिहीत असताना त्यांनी ते मजकुरात लिहिलंही नव्हतं, बाजूला समासात टिपलं होतं. १५ जानेवारी १९१९ ला त्यांचा खून झाला. हस्तलिखित छापलं गेलं १९२२ मध्ये. पूर्व जर्मनीचं सरकार दरवर्षी जानेवारीत त्यांच्या नावानं मोठी मिरवणूक काढायचं, आणि १९८८ च्या त्या मिरवणुकीत काही लोक हेच वचन फलकावर लिहून निघाले तर त्यांना पकडून नेलं. या गोष्टी सांगून आम्ही दुसऱ्यांना नावं ठेवायचो. पण बाईंनी ते लिहिलं कुणाला उद्देशून? कैसरला नाही, पोलिसांना नाही. ज्यांच्या क्रांतीचं त्यांनी मनापासून स्वागत केलं होतं, त्या आपल्याच सोबत्यांना.

नव्वदच्या दशकात आमच्यातल्या दलित मैत्रिणी म्हणाल्या की तुमच्या ‘सगळ्या बायका एक’मध्ये आम्ही दिसत नाही, आम्ही वेगळं बसू. त्या बैठकीत आम्ही काय काय बोललो! चळवळ फुटेल, हा कुणाचा तरी डाव आहे, आताच का. सगळं रोझाबाईंच्या वचनाखाली बसून. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहायला मला लाज वाटते. जाताना त्यांतल्या एकीनं माझ्या हातात झेरॉक्स ठेवली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीचा निबंध. तेव्हा मी तो चाळला आणि ठेवून दिला. गेल्या वर्षी खोलीच्या नादात पुन्हा काढला. ती शाळकरी मुलगी त्यात आपल्या बायांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात ते स्वतःच्या मनाशी ताडून पाहा, असं ती वाचणाऱ्यांना सुनावते. वुल्फबाईंच्या पुस्तकाच्या ७४ वर्षं आधी एका मराठी मुलीनं बाईच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न छापून मांडला होता, आणि माझ्या वहीत खोली आली ती केंब्रिजहून. मी त्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “वाचलास एकदाचा?” एवढंच. मला ते पुरेसं होतं.

आणि ताराबाई शिंदे. त्यांच्यावर आपण किती तुटून पडतो! धारदार, झणझणीत, पुरुषांची पिसं काढणारी वाक्यं ‘स्त्री-पुरुष तुलने’त पानोपानी सापडतात आणि कापायलाही सोपी. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ मध्ये ते पुस्तक पुण्याला शिवाजी छापखान्यात छापवलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, म्हणजे टीका कोणत्या दिशेनं आली असेल त्याचा अंदाज करा, अगदी जवळच्या माणसांकडूनही. त्यानंतर बाईंचं दुसरं पुस्तक नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तोवर आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. एवढा हिशोब आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असतो.

पण ताराबाई कुणासाठी एवढ्या संतापल्या? सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेसाठी. विधवापणी मूल झालं, ते तिनं जन्मताच मारलं म्हणून १८८१ मध्ये तिच्यावर खटला झाला, फाशीची शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ती काळ्या पाण्यावर आली आणि नंतर आणखी कमी झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे झोडले गेले. पुण्यातल्या सनातनी पत्राचा त्यात मोठा वाटा होता. ताराबाईंचं पुस्तक हे त्याला उत्तर. ही विजयालक्ष्मी आमच्या कुठल्याही डायरीत नाही. ती काय म्हणाली ते कुणी लिहून ठेवलं असलं तर कोर्टाच्या कागदात, तेही दुसऱ्याच्या भाषेत. तिच्यावाचून ताराबाईंची वाक्यं टाकली की ती नुसती फटकेबाजी वाटतात. टाळ्या पडतात. विजयालक्ष्मीला शेजारी बसवून वाचा, मग टाळी वाजवायला हात उचलत नाही.

आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती मला म्हणाली, “ताई, हे सगळं दोन ओळींच्या जागेत कुठे बसवायचं? आणि वाक्यानं धीर येतो तो येतोच ना? धीर घेताना पावती कशाला मागायची?” तिचं म्हणणं मला सोडून देता येत नाही. मी एकोणीस वर्षांची असताना वसतिगृहातल्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली होती. कुणाचं वाक्य, कुठल्या पुस्तकातलं, मला पत्ता नव्हता. एका मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेलं. घरून लग्न ठरल्याचं पत्र आलं त्या रात्री मी ती ट्रंक तीनदा उघडली. दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. तेव्हा कुणी मला म्हटलं असतं की आधी या लेखिकेचं चरित्र वाच, तर मी आज इथे लिहायला नसते. अडल्या वेळी हाताला लागेल ती काठी. पण आता मी अडलेली नाही, काठ्या वाटणारी आहे. वाटणारीनं लाकूड कुठलं ते बघायला नको?

शेवटची फोड मात्र माझ्याच झाडाची निघाली.

१९९४ मध्ये आमच्या केंद्रात एक विडी वळणारी बाई यायची. तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं, प्रकरण वर्षभर चाललं. एका बैठकीत ती जगण्याबद्दल असं काही बोलली की सगळ्या गप्प झाल्या. मी ते लिहून घेतलं. पुढच्या आठ मार्चला त्याचं पोस्टर केलं. तिला त्रास नको म्हणून खाली नाव टाकलं नाही, ‘एक स्त्री’ असंही नाही. पोस्टर चांगलं झालं होतं. दुसऱ्या गावच्या गटांनी मागून नेलं. कुणी पत्रकावर छापलं, कुणी भाषणात घेतलं. आणि दोन वर्षांपूर्वी आठ मार्चच्या सकाळी माझ्या फोनवर जे शुभेच्छांचे निरोप आले त्यांत ते होतं. शब्द थोडे गुळगुळीत झालेले, मागे गुलाबी फूल, आणि खाली एका जगप्रसिद्ध लेखिकेचं नाव.

मी हसले होते तेव्हा. चार जणींना गंमत म्हणून दाखवलंही. अक्काला सांगावं असं मनातसुद्धा आलं नाही. पण या वर्षी बाकी सगळ्यांचे हिशोब काढत बसले आणि हा एक टाळता येईना. गोल्डमनबाईंच्या तोंडी छपाईवाल्यानं आपले शब्द घातले, आणि इथे अक्काचे शब्द काढून कुणीतरी त्या लेखिकेच्या तोंडी घातले. वाट मी मोकळी करून दिली होती. नाव न घालण्याचं कारण खरं होतं. पण तिला विचारलं नव्हतं, हेही खरं. अनामिक ठेवणं म्हणजे संरक्षण, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. वुल्फबाईंना नाव, ताराबाईंना नाव, आणि अक्काला संरक्षण.

गेल्या महिन्यात पत्ता काढत तिच्याकडे गेले. ती आता मुलीकडे असते. डोळ्यांना कमी दिसतं, विड्या सुटल्या. मी सगळं सांगितलं, फोनवरचं ते फूलही दाखवलं. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला, मुलीकडून वाचून घेतलं, आणि म्हणाली, “हे असं नव्हतं की ओ ताई. त्यात ‘मेल्या’ होतं.” खरंच होतं. मीच पोस्टर करताना काढलं होतं, भाषा बरी दिसावी म्हणून. मग ती कितीतरी वेळ हसली. ती लेखिका कोण, कुठली, तिला नवरा होता का, हे सगळं विचारून घेतलं.

मी म्हटलं, अक्का, या वर्षी डायरीत जानेवारीच्या पानावर तुझं वाक्य तुझ्या नावानं घालू का? ‘मेल्या’सकट. ती लगेच हो म्हणाली नाही. मुलीशी बोलते म्हणाली, जावयाला काय वाटेल ते बघते म्हणाली. म्हणून ते वाक्य मी इथे दिलेलं नाही आणि तिचं नावही. निघताना दारापर्यंत आली आणि मला थांबवलं.

“घालायचं झालं तर त्या खाली हे बी लिवा,” ती म्हणाली. “त्या दिवशी बैठकीला आले तर माझ्या हजार विड्या बुडाल्या. पानं भिजवलेली तशीच वाळून गेली. आणि रिक्षाचे जायचे-यायचे मी दिले होते, तुमच्या ऑफिसनं नव्हते दिले.”

तरुण कार्यकर्तीला मी हे सांगितलंय. जानेवारीच्या पानावर किती ओळी बसतात ते ती छापखान्यात विचारून येणार आहे.